कडी बाहेरून होती

"सर, लहानपणी तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?" निकिताने सहज विचारलं, आणि शेखरच्या ध्यानात आलं की आपल्यापाशी या प्रश्नाचं उत्तर नाही. गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर त्याचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. सकाळचे अकरा वाजले होते. पांढऱ्या फळ्यावर निकिताने निळ्या पेनने 'प्रेक्षक कोण?' असं लिहून खाली रेघ मारली होती. वय सोळा ते चोवीस. राहणार तालुक्याच्या गावात, नाहीतर शहरात खोली करून. टीझर बघणार फोनवर, कानात इअरफोन घालून, अंगठा स्क्रीनच्या कडेला तयार ठेवून. पहिल्या तीन सेकंदांत धरलं नाही तर अंगठा वर सरकणार आणि आपण गेलो. सिनेमाच्या जाहिरातीचं सगळं ती बघायची, आणि चोवीस वर्षांच्या मुलीच्या मानाने फारच शांतपणे बघायची. तिच्या शेजारी सार्थक बसला होता, सिनेमाचा दिग्दर्शक आणि निर्माताही. पिंपळगाव बसवंतला त्याच्या घरचं द्राक्षांचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोअरेज होतं. हंगाम संपून खोल्या रिकाम्या पडल्या तेव्हा त्याने वडिलांना कसंबसं तयार केलं आणि बावीस दिवसांत सिनेमा उरकला. 'चेंबर नंबर चार'. पॅकिंगला येणारी एक मुलगी थंड खोलीत कोंडली जाते आणि आत आणखी कुणीतरी आहे हे तिला हळूहळू कळतं. आता त्याचा पाऊण मिनिटाचा टीझर करायचा होता, आणि भयपटाचा टीझर म्हटला की शेखरचं नाव निघायचं. मुंबईत चौदा वर्षं आणि नाशकात परतल्यावर पाच, तो हेच काम करत आला होता. आणि एवढ्या वर्षांत त्याला हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

अंधार? नाही. साप? मळ्यात वाढलेल्या मुलाला सापाची काय भीती. वडिलांचा मार? तो ठरलेला असायचा, आणि ठरलेल्या गोष्टीची भीती फार टिकत नाही. तो आठवत राहिला आणि काहीच हाती लागेना. दुसऱ्याला कुठे घाबरवायचं हे नेमकं जाणणारा माणूस आतून असा कोराच असेल, हे या दोन पोरांना कळलं तर काय म्हणतील, असं मनात येतं न येतं तोच तोंडाने बोलायला सुरुवातही केली होती.

"मोटरची खोली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दिंडोरीकडे आमचा मळा आहे. विहिरीवर मोटरची खोली होती. विटांची, पत्र्याचं दार. आत स्टार्टर, खताच्या गोण्या, ग्रीसचा वास. मी सहा वर्षांचा असेन. आत गेलो आणि बाहेरून कुणीतरी कडी घातली." इथे तो थांबला. कुठे थांबायचं हे त्याला चांगलं कळत होतं. "मग पत्र्यावर नखं ओढल्यासारखा आवाज. खर्रर्र. मग काही नाही. मी ओरडत होतो, पण मळ्यात दुपारी ऐकणार कोण. परत आवाज. परत काही नाही. आणि ते काही नाही दर वेळी आधीपेक्षा लांब व्हायचं."

निकिताचं पेन हातातच राहिलं. सार्थकने विचारलं, "बाहेर कोण होतं?"

"माहीत नाही," शेखर म्हणाला. "कधीच कळलं नाही."

सार्थक फळ्याकडे बघत हळूच म्हणाला, "सर, आपला टीझर हाच आहे. भूत दाखवायचंच नाही. दार, आवाज, आणि मग काही नाही." निकिताने फळ्यावर त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून काढलं. शेखरने मान डोलावली, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत खिडकीपाशी उभा राहून खाली चाललेल्या दुचाक्या बघत राहिला. खोलीत सहा वर्षांचा होता तो ललित, त्याचा धाकटा भाऊ. शेखर तेव्हा अकरा वर्षांचा होता, आणि तो बाहेर होता.

एकदाच घडलेली गोष्ट असती तर पोरखेळ म्हणून सोडून देता आली असती. पण त्या मे महिन्यात ते पंधरा-वीस दिवस चाललं होतं. दुपारी आई आणि वडील आडवे झाले की शेखर ललितला विहिरीकडे घेऊन जायचा. चल, खोलीत मांजरीने पिल्लं घातलीत, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. नंतर काही सांगावंही लागलं नाही, ललित आपणहून यायचा. तो आत गेला की शेखर कडी घालायचा आणि एका लांब खिळ्याने पत्रा ओरबाडायचा. दाराला एके ठिकाणी खिळा निघून भोक पडलं होतं, त्याला डोळा लावला की गोणीवर बसलेला ललित पाठमोरा दिसायचा. माणसाचे खांदे आधी घाबरतात, तोंड मागाहून, हे शेखर तिथे शिकला. ओरबाडून मनात चारपर्यंत मोजलं आणि दारावर हात आपटला तर ललित नुसता दचकायचा. सातपर्यंत मोजलं तर त्याचे खांदे गळ्याशी यायचे. अकरापर्यंत मोजलं तर तो रडायचा. शेखरने हे अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने, रोज थोडं थोडं करून शोधून काढलं होतं. पुढे मुंबईत एका मोठ्या एडिटरने त्याला विचारलं होतं की ही शांतता किती धरायची हे तुला कसं कळतं, कोणी शिकवलं. तेव्हा तो हसून म्हणाला होता, आपोआप कळतं.

मग तो दिवस. गावात कुणाच्या तरी घरी भाड्याचा व्हिडिओ आला होता. शेखर पत्रा ओरबाडत असताना बांधावरून दोन पोरं धावत गेली आणि ओरडली, चल, सुरू झाला. आणि तो गेला. खिळा खिशात होता, एवढं त्याला आठवत होतं. सिनेमा कोणता होता ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं, आणि याचंच त्याला अलीकडे जास्त वाईट वाटायचं, की ज्याच्यासाठी गेलो ते काय होतं हेही शिल्लक नाही. साडेतीन-चार तासांनी तो घरी आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मळ्यावर कामाला असलेल्या भिकाने मोटर सुरू करायला कडी काढली तेव्हा ललित त्याला सापडला होता. रडत नव्हता. भिकाच्या खांद्यावर तो नुसता डोळे उघडे ठेवून पडला होता. वडिलांनी विचारलं, कडी कुणी घातली? आणि शेखर म्हणाला, भिकाने दुपारी आत न बघता कडी घातली असेल. इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. भिका काहीतरी बोलायला गेला, मग त्याने शेखरकडे पाहिलं आणि गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून तो मळ्यावर आला नाही, त्याला येऊ दिलं नाही. ललित चार दिवस एक शब्द बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला तेव्हा शब्द त्याच्या तोंडात अडकायला लागले होते, आणि ते अडकणं पुढे कधीच सुटलं नाही. शाळेत त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. पोरं त्याला लललित म्हणायची.

पुष्कळ वर्षांनी शेखरने कुठेतरी वाचलं की तोतरेपण बहुधा आपोआपच येतं, त्याच वयात येतं, त्याचा आणि घाबरण्याचा संबंध असेलच असं नाही. ते वाचून त्याला हलकं वाटलं होतं. त्याने तेवढा कागद फाडून घेऊन पाकिटात ठेवला होता, औषधाची चिठ्ठी ठेवावी तसा. पाकिटं बदलली, कागद कुठेतरी गेला, पण त्यातलं वाक्य त्याला पाठ होतं, आणि गरज पडली की तो ते मनात म्हणायचा. गरज पडायची ती प्रामुख्याने दिवाळीत, ललितकडे गेल्यावर. ललितने मळा सांभाळला, शेखरच्या वाट्याचासुद्धा. लग्न केलं, मुलगी झाली. सगळं नीट झालं होतं. म्हणजे तसं म्हणता येत होतं.

पुढचे तीन आठवडे शेखरने त्या टीझरवर जितकं मन लावून काम केलं तितकं कितीतरी वर्षांत केलं नव्हतं. फळ्यावर त्याने सेकंदांचे चौकोन आखले. पहिल्या तीन सेकंदांत चित्र जवळजवळ नाहीच. फक्त डाव्या कानात थंड खोलीच्या पंख्यांची घरघर, आणि ती एकदम तुटते. मग मुलीची पाठ. चेहरा नाही, पाठ आणि खांदे. सार्थक म्हणाला, हिरोईनचा चेहराच नाही दाखवला तर कसं? शेखर म्हणाला, चेहरा बघून पोरं ठरवतात की ही सुंदर आहे का, घाबरत नाहीत. मग उजव्या कानात पत्रा ओरबाडल्याचा आवाज. निकिताने सुचवलं की आवाज इअरफोनमध्ये मागून आल्यासारखा करता येईल, आणि तो तसा केला. पत्र्यासाठी त्याने सातपूरच्या एका वर्कशॉपमधून पत्रे आणवले, चार तऱ्हेचे खिळे ओढून बघितले. चौथा खिळा लागला तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा मुलगा म्हणाला, सर, हा बरोबर आहे. शेखरला ते त्याच्या आधीच कळलं होतं. त्याच्या बोटांना कळलं होतं.

भांडण झालं ते मधल्या शांततेवरून. शेखरने नऊ सेकंद शांतता ठेवली होती. "सर, फोनवर नऊ सेकंद म्हणजे लोकांना वाटेल नेट गेलं," सार्थक म्हणाला. निकिताने तीन सुचवले. शेवटी ठरलं की बघून ठरवू. एका शनिवारी सकाळी निकिताने कॉलेजातली बारा मुलंमुली स्टुडिओत बोलावली, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन, कानात इअरफोन. शेखर त्यांच्या मागे उभा राहिला. सार्थकला वाटलं सर लाजतायत. तिसऱ्या सेकंदाला एकाचाही अंगठा हलला नाही. ओरबाडलं. शांतता. चार. सात. बारा जोड्या खांदे हळूहळू वर चढत गेले, आणि नऊला दारावर हात आपटला तेव्हा खिडकीकडची एक मुलगी खुर्चीवरून अर्धवट उठली आणि मग मैत्रिणीच्या अंगावर पडून हसायला लागली. सगळेच हसले. सार्थकने शेखरचा हात धरला. शेखरही हसला, पण त्याला तोंडात ग्रीसची चव आल्यासारखी झाली आणि तो बेसिनपाशी जाऊन उगाचच चूळ भरून आला. ती मुलं घाबरली, हसली, आणि इअरफोन काढून उठून गेली. दार उघडंच होतं.

निकिता त्याच दिवशी म्हणाली, "सर, तुमची ती गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगा ना. टीझरच्या आदल्या दिवशी टाकू. खरी गोष्ट आहे म्हटलं की मुलं लगेच एकमेकांना पाठवतात." नाही म्हणायला त्याच्याकडे पुरेसा वेळ होता. तिने लाइट लावले, कॉलरला माइक लावला, खुर्ची दोनदा हलवली. एवढ्या वेळात माणूस सहज नाही म्हणू शकतो. पण इतक्या दिवसांत त्याने ती गोष्ट मनात इतक्यांदा सांगितली होती की ती आता गुळगुळीत झाली होती, आणि सांगताना काही क्षण तर त्याला खरोखरच वाटलं की आत आपणच होतो. गोण्यांचा खरबरीतपणा त्याला मांडीला लागला. दीड मिनिटात त्याने ती सांगितली. शेवटी म्हणाला, "बाहेर कोण होतं हे मला आजही माहीत नाही. म्हणून मी हे काम करतो." हे शेवटचं वाक्य त्याला तिथल्या तिथे सुचलं होतं.

व्हिडिओ बाहेर आला त्या सकाळी मंजुषाने, त्याच्या बायकोने, तो डबा भरता भरता बघितला आणि ती म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस." शेखर म्हणाला, "विषय निघाला नाही." तिने त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं आणि त्या दिवशी दोनदा फोन करून उगाच चौकशी केली, आणि ती काळजीसुद्धा त्याने ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी टीझर आला. दोन दिवसांत सार्थकने अपेक्षा केली होती त्याच्या कितीतरी पट लोकांनी तो बघितला. मुलं टीझर बघतानाचे स्वतःचे व्हिडिओ करून टाकायला लागली. निकिताने कळवलं की शेखरचा व्हिडिओही तितकाच चाललाय, सोळा ते अठरामध्ये तर जास्तच. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दिंडोरीहून उज्वलाचा फोन आला. ललितची बायको.

"भाऊजी, तुमचा व्हिडिओ बघितला," ती म्हणाली. "समृद्धीनंच दाखवला. तिच्या वर्गात सगळ्यांना माहीत झालंय, माझे काका आहेत म्हणून सांगत फिरते." मग म्हणाली, "यांनी दोन वेळा बघितला. पहिल्यांदा पोरीच्या फोनवर. मग माझा फोन घेऊन बाहेर जाऊन बसले. त्याला आता दोन दिवस झाले, काही बोलतच नाहीत. एरवी कमीच बोलतात, पण तसं नाही हे. तुमचं दोघांचं काही झालं का?"

"नाही," शेखर म्हणाला. "मी येतो रविवारी."

म्हसरूळ मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि त्याच्या मनात वाक्यं जुळायला लागली. तुला माहीत आहे ललित, आमच्या धंद्यात गोष्ट थोडी बदलावी लागते. तुझं नाव येऊ नये म्हणून मी माझ्यावर घेतली. हे वाक्य त्याला बरं वाटलं, मग चार किलोमीटरवर त्याची किळस आली. दोन्ही बाजूंना छाटणी होऊन फुटलेल्या बागा होत्या, कोवळ्या पानांवर औषधाचा निळसर थर, आणि मधूनच एखादा ट्रॅक्टर धुकं सोडत ओळींमधून जात होता. आपण माफी मागणार आहोत की नाही हेही त्याचं ठरत नव्हतं. छत्तीस वर्षांत माफी मागायची वेळ कुठली होती हे तो शोधत राहिला. मुंबईला गेलो तेव्हा. ललितच्या लग्नात, ललितला मंगलाष्टकं संपल्यावर माइकवर दोन शब्द बोलायचा आग्रह झाला आणि शेखरने पुढे होऊन त्याच्या वतीने आभार मानले, तेव्हा. सगळे म्हणाले होते, भाऊ असावा तर असा.

ललित पडवीत बसून फवारणीच्या पंपाचा नोझल साफ करत होता. त्याने मान वर करून बघितलं आणि शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. मोटरची जुनी खोली पाडून बरीच वर्षं झाली होती, तिथे आता ठिबकचा फिल्टर बसवला होता. शेखरला बघायला तिथे काही नव्हतं, म्हणून तो भावाच्या हातांकडे बघत बसला. समृद्धी क्लासला गेली होती. उज्वला आत स्वयंपाकघरात होती, तिथून पडवी दिसत होती आणि ऐकूही येत होतं.

"व्हिडिओ बघितलास," शेखर म्हणाला.

ललितने मान हलवली. मग बोलायला तोंड उघडलं. त्याचं बोलणं अडकायचं तेव्हा आवाज यायचा नाही. ओठ नुसते एका जागी थांबायचे आणि मानेची शीर ताठ व्हायची. असं झालं की घरातले सगळे पटकन पुढचा शब्द सांगून टाकायचे, आणि सगळ्यांत आधी शेखर सांगायचा. आजही त्याच्या तोंडाशी दोन-तीन शब्द आले. चूक, खोटं, माझं. पण ललित काय म्हणणार हे त्याला खरोखर माहीत नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

"...बरं सांगितलंस," ललित म्हणाला. "फक्त, मी ओरडलो नव्हतो. तू ते चुकीचं सांगितलं."

"ललित, मी..."

"थांब ना. मला येळ लागतो." तो नोझलमधून फुंकर मारत म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, आणि सांगायला बराच वेळ लागला. वाक्यं मधेच थांबायची, शेखर वाट बघायचा, आणि इतकी वर्षं आपण याचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाही हे त्याला कळत गेलं. ललित म्हणाला, बाहेर तू आहेस हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्या चपलेचा पट्टा तुटलेला होता, चालताना फटफट वाजायची. "तुला मज्जा वाटायची ना. मी घाबरलो की तू दार उघडून लय हसायचा. मग मला खांद्यावर घेऊन घरी आणायचा. एरवी तू मला जवळ येऊ देत नव्हता. म्हणून मी घाबरायचो."

"म्हणजे, खोटं?"

"थोडं खोटं, थोडं खरं. तू जास्त येळ थांबला म्हणजे तुला जास्त घाबरलेलं पायजे, असं मला वाटायचं. मग मी जास्त घाबरायचो. रडायचो बी."

शेखरच्या डोळ्यांपुढे ते पाठमोरे लहान खांदे आले, भोकातून दिसणारे, गळ्याशी चढलेले. चार, सात, अकरा. एवढं एकच ज्ञान त्याच्यापाशी होतं, त्यावर त्याने आयुष्य उभारलं होतं, आणि ते एका सहा वर्षांच्या मुलाने मोठ्या भावाला खूश ठेवायला त्याला दिलं होतं.

"त्या दिवशी," ललित म्हणाला, आणि इथे तो फार वेळ अडकला. आत कुकरची शिट्टी झाली. "त्या दिवशी खरवडायचं थांबलं. मी वाट बघितली. तू हात आपटशील म्हणून. मग चप्पल वाजली. लांब गेली. खरवडणं होतं तवर तू होता. मग कुणीच नव्हतं." त्याने नोझल खाली ठेवला. "ओरडून उपयोग नव्हता. कडी तूच घातली व्हती, तूच काढणार."

"तू सांगितलं का नाहीस?" शेखर म्हणाला. "वडिलांना, आईला. मी भिकाचं नाव घेतलं तेव्हा."

"सांगत व्हतो." ललितने पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर शेखरला सोपं गेलं असतं. "आई विचारत व्हती, कुणी घातली कडी, सांग बाळा. मी तुलाच तर दादा म्हणायचो. चार दिवस मी तेच म्हणत व्हतो. पहिलं अक्षरच निघंना. तू समोर उभा व्हता. पाचव्या दिवशी मी दुसरंच काहीतरी बोललो, पाणी मागितलं. ते निघालं." जरा थांबून तो म्हणाला, "भिका गेला दोन वर्षांखाली. त्याच्या दहाव्याला मी गेलो व्हतो, पेठकडं. तुला कळवलं नाय."

शेखरने आठवून बघितलं. ललित त्याला कधीपासून नावाने हाक मारतो? धाकटा भाऊ पाच वर्षांनी मोठ्या भावाला सरळ शेखर म्हणतो याचं लोकांना नवल वाटायचं, आणि आमच्यात मैत्रीचं नातं आहे, असं शेखर कौतुकाने सांगायचा.

"मी तो व्हिडिओ काढून टाकायला सांगतो," तो म्हणाला. "आज सांगतो."

"काढला तरी लोकांच्या फोनवर राहतोच म्हणं. समृद्धी म्हणत व्हती." ललितच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "त्याचं काय नाय. पण उज्वलाला सांग. मी कधी सांगितलं नाय. मला एवढं लांबलचक सांगाया जमत नाय. तुला चांगलं जमतं."

उज्वला हात पुसत दारात येऊन उभी होती. तिने काय ऐकलं होतं आणि काय नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शेखरने तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. त्याने सांगायला सुरुवात केली. दोन-तीन वेळा त्याचं वाक्य चुकीच्या दिशेला गेलं, पोरवयात कळत नव्हतं, उन्हाळ्याचे दिवस होते, असं काहीतरी. आणि दर वेळी तो मागे येऊन परत साधं वाक्य म्हणाला. मी कडी घातली. मी निघून गेलो. मी भिकाचं नाव सांगितलं. मोजून पाच मिनिटंही लागली नाहीत. शेवटी तो म्हणाला, "आमच्याकडून लग्न ठरवताना सांगितलं होतं की याला हे अडकणं जन्मापासून आहे. आईवडिलांना खरंच तसं वाटत नव्हतं, पण घाबरून झालंय असं सांगितलं तर पोरगं घाबरट आहे म्हणून कुणी मुलगी देणार नाही, अशी त्यांना भीती वाटायची. मी तिथेच बसलो होतो."

उज्वलाने खाली ठेवलेला नोझल उचलला आणि कडेला सरकवला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा हे सांगितलं असतं तरी मी यांना होच म्हटलं असतं. ते काही नाही. पण जन्मापासून आहे म्हणालात ना. मग मला वाटलं, रक्तातलंय. समृद्धी बोलायला लागली तेव्हा दोन वर्षं मी तिच्या तोंडाकडं बघत काढली. लेकरू आई म्हणालं की माझा जीव घशात यायचा, आता अडकतंय का, आता अडकतंय का. एकदाही कौतुकानं ऐकलं नाही तिचं बोलणं." ती आत वळली आणि दारातच थांबली. "दुसरं लेकरू होऊ दिलं नाही ते त्याच्यापायीच. यांना पाहिजे होतं."

ललित मान खाली घालून बसला होता. शेखरला दिसलं की हे त्यालाही आत्ताच कळलं होतं.